ताप, पोटऱ्या आणि एका वस्तीवरची दोन पोरं



या अंकात खोडव्याच्या व्यवस्थापनावर लिहायचे ठरले होते. तो लेख आता पुढच्या अंकी. गेल्या पावसाळ्यात आपल्या कार्यक्षेत्रातल्या एका वस्तीवर जे घडले ते सांगितल्यावाचून आम्हांला चैन पडेना, म्हणून ही जागा त्याला दिली आहे.

भाद्रपदाचे दिवस. ओढ्याला पाणी, रानात चिखल, आडसाली ऊस डोक्याच्या वर गेलेला. वस्तीवर भिंतीला भिंत लागून दोन घरे. दोघेही आपले सभासद, भावकीतलेच. पहिल्या घरातला मुलगा सात वर्षांचा. त्याला तीन दिवस सर्दी, खोकला आणि ताप होता. चौथ्या दिवशी ताप उतरला, घरच्यांना वाटले सुटलो. सकाळी पोरगं अंथरुणातून उठायला गेलं ते ‘आई गं’ करून खालीच बसलं. दोन्ही पोटऱ्या ठणकत होत्या, टाच टेकवता येईना. चवड्यांवर दोन पावलं टाकली आणि रडायला लागलं. घरात एकच कालवा. कुणी म्हणे पोलिओ, कुणी म्हणे वारं गेलं, आजीने तर मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी गुडघ्याखाली हातोडी मारून पाहिली, लघवीचा रंग विचारला, रक्त तपासायला दिले आणि सांगितले, ‘घरी न्या, भरपूर पाणी पाजा, तापाचे साधे औषध द्या, चार-पाच दिवसांत पळेल.’ आणि खरोखरच पळाले. पाचव्या दिवशी पोरगं बैलाच्या शेपटीला लोंबकळत होतं!

तीन आठवड्यांनी शेजारच्या घरातल्या अकरा वर्षांच्या मुलाला ताप आला. थंडी वाजून आला, डोके दुखू लागले, आणि दुसऱ्या दिवशी तोही तेच म्हणाला, पोटऱ्या दुखतात, उभं राहवत नाही. घरचे निर्धास्त. ‘तिकडच्याचं काय झालं होतं? तसंच आहे, होईल चार दिवसांत बरं.’ जवळच्या एका डॉक्टरकडून कंबरेत दोन सुया टोचून आणल्या. ताप थोडा उतरल्यासारखा झाला, पुन्हा चढला. पाचव्या दिवशी आईच्या लक्षात आले की पोराचे डोळे हळदीसारखे दिसताहेत आणि सकाळपासून त्याला लघवीच झालेली नाही. मग धावपळ. जिल्ह्याच्या इस्पितळात सतरा दिवस, दोनदा डायलिसिस, आणि उसाच्या पहिल्या हप्त्याचे पैसे हातात पडायच्या आत संपलेले. मुलगा वाचला, हे आपले सर्वांचे नशीब.

दुखणे एक, जागा एक, वस्ती एक. आजार मात्र दोन, आणि त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर. हा फरक घरच्या माणसाला ओळखता येतो का, हे विचारायला आम्ही मुद्दाम त्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. ते म्हणाले, आजाराचे नाव ओळखणे आमचे काम, पण कोणते पोर घरी ठेवायचे आणि कोणते त्याच दिवशी गाडीत घालायचे, एवढे शेतकऱ्याला नक्की कळू शकते. गाभण म्हशीची कूस बघून जो दिवस सांगतो, त्याला हे का कळू नये?

पहिल्या मुलाचा आजार म्हणजे स्नायूंची सूज. डॉक्टरमंडळी त्याला ‘मायोसायटिस’ म्हणतात. फ्लूचा ताप उतरणीला लागला की काही मुलांच्या पोटऱ्यांत ही सूज येते. शाळकरी वयात, आणि मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त. स्वीडनमध्ये लुंडबर्ग नावाच्या डॉक्टरांनी १९५७ साली अशा बऱ्याच मुलांची नोंद केली, तेव्हापासून हा वेगळा आजार म्हणून ओळखला जातो. ओळखण्याची खूण म्हणजे क्रम. आधी सर्दी-ताप, मग ताप उतरतो, आणि मग एकाएकी दोन्ही पोटऱ्या धरतात. पोर बाकी टवटवीत असते, खाते-पिते, बसल्या बसल्या खोड्या काढते, फक्त चालत नाही. रक्तात ‘सीपीके’ नावाचा एक आकडा पाहतात. एरवी तो साधारण दोनशेच्या आत असतो, या आजारात हजारांच्या घरात जातो. कागदावरचा तो आकडा पाहून बापाची छाती दडपते, पण बहुतेक मुलांत आठवड्याभरात सगळे जागेवर येते. एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची, ती म्हणजे लघवी. ती कोऱ्या चहासारखी किंवा पातळ काकवीसारखी तांबडी-काळी दिसू लागली तर स्नायू फार विरघळू लागले असे समजावे. तो माल मूत्रपिंडात अडकतो, आणि मग तो आजार साधा राहत नाही.

येथे डॉक्टरांनी एक गोष्ट फार ठासून सांगितली. दुखणे वेगळे आणि लुळेपणा वेगळा. पोराला उताणे निजवा, आपला तळहात त्याच्या तळपायाला लावा आणि म्हणा, ‘ढकल बघू.’ दुखत असले तरी जोर लागत असेल तर स्नायूत ताकद आहे. जोरच लागत नसेल, पाय ओल्या फडक्यासारखा पडत असेल, तर क्षणाचाही उशीर नको. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात ‘गीयां-बारे’ नावाच्या आजाराचे बरेच रुग्ण निघाले, ते आपण वर्तमानपत्रांत वाचले. त्यातही मुलांचे पाय आधी दुखतात, पण ताप बहुधा नसतो, हातोडी मारली तरी गुडघा उडत नाही, आणि अशक्तपणा पायांकडून वर वर चढत जातो. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये सापडला. तरीदेखील पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे लागते आणि मुलाच्या शौचाचे नमुने तपासणीस जातात. ‘पोलिओ गेला, आता कशाला?’ म्हणून कुणी तक्रार करू नये.

आता दुसऱ्या मुलाकडे येऊ. हा आजार आपल्या धंद्याला चिकटलेला आहे, तेव्हा जरा सविस्तर सांगतो. याचे नाव लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या मुतातून याचे जंतू बाहेर पडतात. गुरे, कुत्री आणि डुकरेही ते पसरवतात. कोरड्या मातीत आणि उन्हात जंतू लवकर मरतात, पण ओल्या चिखलात, साचलेल्या पाण्यात कित्येक दिवस, कधी आठवडेही तग धरतात. पायाला चीर असली, पाण्यात राहून कातडी भिजून पांढरी पडली असली, की तेथून आत शिरतात. त्यानंतर बहुधा पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. त्या मुलाच्या आईला आम्ही विचारले तेव्हा तिला आठवले, पोर नवव्या-दहाव्या दिवसामागे ओढ्यात खेकडे धरायला गेलं होतं, आणि उसाच्या पाचटाने पायाला चिरा पडलेल्याच होत्या. पण हे तिला कुणी विचारलेच नव्हते.

आपल्या सभासदांना कदाचित ठाऊक नसेल, या रोगाला जगात काही ठिकाणी ‘ऊसतोड्यांचा ताप’ असेच नाव पडले होते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतात इंगहॅम नावाचे उसाचे गाव आहे. तेथे १९३३-३४ च्या सुमारास ऊस तोडणाऱ्यांत तापाची साथ आली. माणसे पिवळी पडून दगावू लागली. तपासाअंती कळले की उसाच्या फडात उंदीर माजले आहेत आणि हा ‘वाइल’चा रोग आहे. वाइल हे जर्मन डॉक्टर, त्यांनी १८८६ साली या आजाराचे वर्णन केले होते. तोडणाऱ्यांची मागणी अशी की तोडीआधी फड पेटवा, म्हणजे उंदीर पळतील आणि ओले पाचट जळेल. बागायतदारांची अडचण अशी की जळालेल्या उसाची साखर घटते. १९३५ साली यावरून तिकडे मोठा संप झाला. जीन डेव्हनी या बाईंनी पुढच्याच वर्षी ‘शुगर हेवन’ नावाची कादंबरी त्या संपावर लिहिली. दोन्ही बाजू ऐकल्या की मन दुभंगते. आपणही ऊस पिकवणारेच, जळीत ऊस आला की काट्यावर कपात होते हे आपल्याला पुरते ठाऊक. पण फडात वाकून कोयता चालवणारा माणूस आणि चिखलात बसलेले त्याचे पोर यांच्याकडून पाहिले तर ती मागणी आडमुठी वाटत नाही. तिकडे आता यंत्राने हिरवा ऊस तोडतात. आपल्याकडे मात्र अजून बहुतेक ऊस कोयत्यानेच तुटतो. (फड पेटवा असे आम्ही सुचवीत नाही, गैरसमज नसावा.)

हा रोग फक्त उसाचा आहे असेही नाही. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याचीच साथ आली होती.

मग खुणा कोणत्या? ताप एकदम, थंडी वाजून, भर जोमात असताना पोटऱ्या आणि कंबर धरते. पोटरीला नुसता हात लावला तरी पोर किंचाळते. आणि डोळे. डोळे लाल होतात, पण त्यांत चिपाड नसते, पू नसतो. डोळे आल्यावर पापण्या चिकटतात तशा चिकटत नाहीत. हे तीन एकत्र दिसले आणि मागच्या पंधरवड्यात पोर चिखल-पाण्यात गेले असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डोळे पिवळे व्हायची वाट पाहू नये. पिवळे होईतो मूत्रपिंडे कोलमडायला लागलेली असतात. वेळेवर दिले तर साधी, स्वस्त औषधे लागू पडतात. आणखी एक, पहिल्या चार-पाच दिवसांत या रोगाची रक्ताची तपासणी ‘नाही’ असे सांगू शकते, कारण शरीराने अजून प्रतिकारद्रव्य तयार केलेले नसते. तपासणी कोरी आली म्हणून आजार नाही असे समजू नये, डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतील ते ऐकावे.

दुसरा एक चोर बांधावरच्या गवतात बसतो. त्याचे नाव स्क्रब टायफस. पावसाळ्यात आणि त्यानंतर झुडपांत, उंच गवतात बारीक लाल किडे होतात. त्यांची पिल्ले माणसाला चावतात. चावल्याचे कळतही नाही. दहा-बारा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, सगळे अंग ठणकते. घरचे म्हणतात टायफॉइड. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत याचे बरेच रुग्ण आढळले होते. याची खूण सापडली तर रोग सापडलाच समजा. चावल्या जागी बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते, आणि ती दुखत नाही, खाजत नाही. म्हणून पोर सांगत नाही. शिवाय ती जागाही अशी की कुणी बघत नाही : काखेत, जांघेत, कानामागे, बेंबीत, आणि करगोट्याखाली. होय, आपल्या पोरांच्या कमरेला करगोटा असतो ना, नेमकी त्याच्याखाली! ताप तीन-चार दिवस हटत नसेल तर पोराला उजेडात उघडे करून नखशिखान्त पाहावे, करगोटा सरकवून पाहावे. प्रत्येकाला खपली उठतेच असे नाही, पण उठली असेल तर तिच्यासारखा पुरावा नाही. नेहमीच्या तापाला देतात ती पेनिसिलिनच्या जातीची औषधे यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन नावाचे जुने, स्वस्त औषध चालते आणि ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. पण म्हणून मेडिकलमधून आपल्या मनाने आणून पोराला देऊ नये. मात्रा वजनावर असते.

डेंग्यू आणि चिकुनगुन्या हे काही दुर्मिळ राहिलेले नाहीत, तेव्हा थोडक्यात. चिकुनगुन्याची आपल्या भागाशी जुनी ओळख आहे, १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला त्याची साथ आली होती, मग तीसेक वर्षे तो गडप झाला आणि २००५-०६ मध्ये पुन्हा उगवला. त्यात स्नायूंपेक्षा सांधे धरतात. डेंग्यूत डोळ्यांच्या खोबणीत दुखते, अंग मोडून येते, आणि त्याची गोम अशी की खरा धोका ताप उतरल्यावर सुरू होतो. ताप गेला, पण पोट दुखते, उलट्या थांबत नाहीत, हातपाय गार, पोर मलूल, तर ते बरे होणे नव्हे. पावसाळी तापात अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेन मुलांना देऊ नये, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे पुरे.

दुधाबद्दल लिहावे की नाही यावर आमच्यातच वाद झाला. धारोष्ण दुधाची आपल्याला केवढी आवड! तालमीतल्या पोराला धार काढून तिथेच पेला देणारे आजोबा आजही घरोघर आहेत. पण ज्या गोठ्यात गाय-म्हैस पाचव्या महिन्यानंतर गाभडली असेल, त्या गोठ्यातले निरसे दूध पोराला देऊ नये. तो ब्रुसेलोसिस असू शकतो. यात ताप आठवडेच्या आठवडे येतो-जातो, रात्री घाम सुटतो, कंबर, मांड्या, सांधे दुखतात, आणि पोर वाळत जाते. क्षय समजून, टायफॉइड समजून औषधे बदलली जातात आणि मूळ गोठ्यात राहते. डॉक्टरला ‘आमची गाय गाभडली होती’ एवढे एक वाक्य सांगितले तर अर्धे काम होते. दूध उकळले की जंतू मरतात. कालवडी-पारड्यांना चार ते आठ महिने वयात एकदाच टोचायची लस आहे, २०१९ पासून शासनाच्या कार्यक्रमात ती आली आहे. गाभडलेले वासरू आणि वार उघड्या हाताने उचलू नये, पोरांना तर जवळही फिरकू देऊ नये.

आतापर्यंतचे सगळे आजार दोन्ही पायांचे, सगळ्या अंगाचे. एकाच जागी, एकाच मांडीत किंवा ढुंगणात दुखत असेल, पोर लंगडत असेल आणि ताप चढत असेल, तर स्नायूच्या आत पू होत असण्याची शक्यता धरावी. बैलाने ढुसणी दिली, झाडावरून पडले असे काही आधी घडलेले असते. वरची कातडी आरंभी लाल होत नाही, फोड दिसत नाही, नुसते लाकडासारखे घट्ट लागते. अशा जागेला तेल लावून चोळणे, शेकणे, मुका मार उतरवणाऱ्याकडे नेणे, हे सारे घातक आहे. सोनोग्राफीत पू दिसतो, तो काढावा लागतो.

उरले ते आजार जे पंधरा दिवस, महिना रेंगाळतात. हे खरोखरच दुर्मिळ. एकात ताप रोज बहुधा एकदा, संध्याकाळकडे, भडकतो आणि आपोआप उतरतो. ताप असताना अंगावर फिकट गुलाबी चट्टे उठतात, ताप गेला की तेही जातात, आणि उतरलेल्या वेळी पोर खेळत असते. तो सांध्यांचा एक विकार आहे. दुसऱ्यात दुखण्यापेक्षा दुबळेपणा जास्त. पोर जमिनीवरून उठताना हात गुडघ्यांवर टेकत टेकत स्वतःच्या अंगावर चढल्यासारखे उठते, वेणी घालायला मुलीचे हात वर जात नाहीत, पापण्या जांभळट दिसतात, बोटांच्या पेरांवर लालसर खरखरीत चट्टे येतात. दहा लाख मुलांत वर्षाला दोन-चार मुलांनाच हा होतो. पण ज्या घरात होतो त्या घराला दहा लाखांचा हिशेब काय कामाचा? उपचार आहे, तो लवकर सुरू व्हावा लागतो. तिसरा रक्ताचा कर्करोग. पोर रात्री झोपेतून उठून पाय दुखतात म्हणून रडते, दुखते ते मांसात नव्हे तर हाडात, चेहरा पांढुरका पडतो, मार लागल्याशिवाय काळेनिळे डाग उठतात. नाव ऐकून हातपाय गाळू नयेत, वेळेत गेलेली बरीच मुले पूर्ण बरी होतात.

याच ठिकाणी आम्हांला त्या ‘दोन सुयां’बद्दल बोलायचे आहे. त्या सुया कोणत्या होत्या हे घरच्यांना आजही माहीत नाही, चिठ्ठी दिलेली नाही. अशा सुयांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने ताप तात्पुरता दबतो, पोर हसू लागते, डॉक्टरचे नाव होते. पण आतला जंतू तसाच राहतो, आणि रक्ताचा कर्करोग असेल तर खूणच पुसली जाते, पुढच्या डॉक्टरला मज्जेच्या तपासणीत तो सापडत नाही. सभासदांनी भिडेखातर गप्प राहू नये. पोराला काय टोचले त्याचे नाव कागदावर मागून घ्यावे. खताच्या पोत्यावरचे नाव आपण वाचून घेतो ना!

मोठ्या डॉक्टरांकडे जाताना घरच्या वहीच्या पानावर एवढे लिहून न्यावे असे त्यांनी सुचवले : ताप कोणत्या दिवशी आला, दुखणे तापाच्या आधी, सोबत की नंतर, लघवी केव्हा झाली आणि कसल्या रंगाची, मागच्या पंधरा दिवसांत पोर कोठे गेले, गोठ्यात काय घडले, आणि आधी कोणती औषधे झाली. हे पान म्हणजे पन्नास तपासण्यांच्या तोडीचे, असे त्यांचे शब्द.

आता हंगाम तोंडावर आहे. टोळ्या येतील, कोप्या पडतील. त्यांची पोरं अनवाणी, ओढ्याचे पाणी, रात्री उघड्यावर निजणे, आणि कोपीत दाण्यापायी उंदीर. आपल्या पोराला ताप आला तर आपल्याकडे मोटारसायकल आहे, ओळखीचा डॉक्टर आहे. त्यांच्या आईला मुकादमाची परवानगी लागते आणि खाडा पडला की पैसे कापले जातात. ज्यांच्या फडात टोळी असेल त्या सभासदाने सकाळी उसाच्या मोळ्या मोजताना कोपीतले एखादे पोर निजून तर नाही ना, हेही पाहावे. आमच्या माहितीतल्या एका सभासदाने गेल्या हंगामात असेच एक पोर स्वतःच्या गाडीवरून आरोग्य केंद्रात नेले. काखेत काळी खपली होती.

तो अकरा वर्षांचा मुलगा आता शाळेत जातो. पाणी धरायला बापाबरोबर रानात येतो, पण बांधावर बसतो. बापाने त्याच्यासाठी गमबूट शोधले, तालुक्याच्या बाजारात मोठ्या माणसांचेच मिळाले. कारखान्याच्या ग्राहक भांडाराकडे आम्ही मुलांच्या मापाच्या गमबुटांची मागणी दिली आहे. ज्या सभासदांना हवे असतील त्यांनी पायाचे माप कागदावर काढून, त्यावर नाव व गट लिहून, आपल्या गटऑफिसात द्यावे.